युद्धकालीन भग्न जहाजे व त्यांतील दारूगोळा : ‘फोर्ट स्टिकीन’ व ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ ह्यांचा तुलनात्मक विचार

इ. स. १९४४ मध्ये अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने दारूगोळ्याने भरलेली दोन मालवाहू जहाजे दोन मोठ्या बंदरांत संकटात सापडली. त्यांपैकी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १४ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत पेटले आणि फुटले. ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे दुसरे जहाज २० ऑगस्ट रोजी टेम्स नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर रुतले व पुढे दुभंगले. दोन्ही जहाजे युद्धकाळात घाईने बांधलेली, आकाराने जवळजवळ सारखी होती. पहिल्याचे स्थूल टनेज ७,१४२ तर दुसऱ्याचे ७,१४६ इतके होते. पहिल्यावर सुमारे १,३९५ टन स्फोटक माल होता. दुसऱ्याच्या सांगाड्यात आजही सुमारे १,४०० टन स्फोटके शिल्लक असावीत, असा अधिकृत अंदाज आहे. एका जहाजाचा प्रश्न दोन तासांत भीषण रीतीने निकालात निघाला; दुसऱ्याचा आठ दशके उलटून गेली तरी सुटलेला नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली असता युद्धकालीन भग्न जहाजांचा प्रश्न कशा स्वरूपाचा आहे, हे स्पष्ट होते. हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा किंवा नौकानयनाचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः निर्णय कोणी घ्यावयाचा, कोणत्या माहितीच्या आधारे घ्यावयाचा आणि केव्हा घ्यावयाचा, हा त्याचा गाभा होय. प्रस्तुत लेखात प्रथम मुंबईच्या घटनेचे, नंतर टेम्सच्या मुखाशी पडलेल्या जहाजाचे आणि शेवटी उपलब्ध उपायांचे विवेचन केले आहे.

१. मुंबई गोदीतील दुर्घटना

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १९४२ साली कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची ह्या मार्गाने १२ एप्रिल रोजी मुंबईस पोहोचले. त्याच्या पोटात पाणतीर, सुरुंग, तोफगोळे व बॉम्ब होते; स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने होती आणि सोन्याच्या विटांच्या पेट्याही होत्या. एकूण स्फोटक मालापैकी २३८ टन माल अत्यंत संवेदनशील वर्गात मोडणारा होता. कराचीस काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड व मोडीचे लोखंड भरण्यात आले. ज्वलनशील व स्फोटक माल असा एकत्र भरण्यास जहाजाचे कप्तान नेस्मिथ ह्यांनी हरकत घेतली होती. परंतु युद्धकाळात जहाजांतील जागेची टंचाई इतकी होती की, ती हरकत मान्य होणे शक्य नव्हते.

ह्या भरणीतील एक गोष्ट पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे. दोन क्रमांकाच्या कोठारात तळाशी कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच कोठाराच्या वरच्या मजल्यावर स्फोटके होती. कापसाची दाबलेली गाठ पेटली तर ती भडकत नाही. आतल्या आत धुमसत राहते. तंतूंमध्ये अडकलेली हवा तिला पुरते आणि बाहेरून पाणी मारले तरी ते गाठीच्या गाभ्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. अशा मालावर स्फोटके ठेवणे म्हणजे शेगडीवर दारूची कोठी मांडण्यासारखेच होते.

युद्धापूर्वीच्या नियमानुसार स्फोटके आणणाऱ्या जहाजाने गोदीत न शिरता बाहेर नांगर टाकावयाचा व तेथेच पडावांमध्ये माल उतरवावयाचा, अशी पद्धत होती. युद्धाच्या निकडीमुळे हा नियम शिथिल झाला होता. स्फोटकांची सूचना देणारे लाल निशाणही जहाजावर लावलेले नव्हते. त्यामुळे शेजारच्या जहाजांवरील खलाशांना, धक्क्यावर राबणाऱ्या हमालांना, गोदीलगतच्या वखारींना आणि वस्त्यांना आपल्या शेजारी काय उभे आहे, ह्याची कल्पना नव्हती.

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या कोठारातून धूर निघताना दिसला. आगीचे कारण बहुधा कोणाच्या तरी हातून पडलेले विडी-सिगारेटचे थोटूक असावे. जहाजावरील खलाशी, अग्निशामक दल आणि आगीच्या बोटी ह्यांनी मिळून ९०० टनांहून अधिक पाणी कोठारात ओतले. दाट धुरामुळे आगीचे मूळ मात्र सापडले नाही. ओतलेल्या पाण्याने तळाच्या जळत्या गाठी तरंगत वर येऊ लागल्या आणि स्फोटकांच्या अधिकाधिक जवळ गेल्या. आग विझविण्याचा उपायच आगीस स्फोटकांपर्यंत पोहोचविण्यास साहाय्यभूत ठरला. कोठारातील पाणी उकळू लागले. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास जहाज सोडून जाण्याचा हुकूम देण्यात आला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने, जहाजाच्या मागील भागातील स्फोटकांमुळे, दुसरा झाला.

कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापक यंत्रावर हे धक्के नोंदले गेले. बारा किलोमीटर अंतरावरील घरांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. आसपासची दहाहून अधिक जहाजे बुडाली अथवा निकामी झाली; ‘जलपद्म’ हे सुमारे चार हजार टनांचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावरील वखारीवर फेकले गेले. जळता कापूस आकाशातून वस्तीवर पडला आणि गोदीपासून दूरवर आगी लागल्या. मृतांची संख्या निरनिराळ्या गणनांनुसार ८०० ते १,३०० इतकी धरली जाते. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. भारतात दरवर्षी १४ एप्रिल रोजी पाळण्यात येणारा अग्निशमन सेवा दिन व त्या दिवसापासून सुरू होणारा सप्ताह ह्याच जवानांच्या स्मरणार्थ आहे.

२. दोन तासांतील अनिर्णय

आग दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत सुमारे दोन तास हाताशी होते. ह्या काळात तीन मार्ग विचारात आले. पहिला, जहाज ओढून गोदीबाहेर न्यावे. दुसरा, ते जागच्या जागीच बुडवावे. आणि तिसरा, आग विझेपर्यंत पाणी मारीत राहावे.

तिन्ही मार्गांत अडचणी होत्या. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया ह्या दोन्ही बंदिस्त गोद्या असल्याने त्यांच्या दरवाजांतून मोठे जहाज हलविणे भरती-ओहोटीवर व बऱ्याच पूर्वतयारीवर अवलंबून होते. जहाज बाहेर नेताना स्फोट झाला असता तर दरवाजाच उद्ध्वस्त होऊन गोदी दीर्घकाळ निरुपयोगी झाली असती. जहाज बुडवावे तर धक्क्यालगतचे पाणी इतके खोल नव्हते की वरच्या मजल्यावरील स्फोटके पूर्णपणे पाण्याखाली जातील. पाणी मारीत राहण्याचा परिणाम काय झाला, हे वर आलेच आहे.

प्रत्येक मार्गाला जाणकार समर्थक होते आणि प्रत्येकाच्या विरोधात सबळ कारणही होते. परंतु लष्करी दारूगोळ्याचे अधिकारी, गोदीचे प्रशासन, अग्निशामक दल आणि जहाजाचे कप्तान ह्या चौघांवर अंतिम हुकूम चालेल, असा एकही अधिकारी तेथे नव्हता. प्रत्येकजण आपापल्या क्षेत्रात कर्तव्यदक्ष होता. तरीही एकंदरीत निर्णय झाला नाही आणि अखेरीस आगीनेच तो घेतला. ह्या दुर्घटनेचा विचार करताना निष्काळजीपणाची चर्चा फार होते. अधिकाराच्या विभागणीची मात्र त्या मानाने थोडी होते. पुढील पिढ्यांच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक उद्बोधक आहे. थोटूक टाकणारा हात कोणत्याही काळी असू शकतो. त्यानंतरच्या दोन तासांत काय करावयाचे, हे मात्र आधी ठरवून ठेवता येते.

दुर्घटनेनंतरचे कामही थोडे नव्हते. सुमारे ८,००० माणसे सात महिने राबली आणि जवळजवळ पाच लाख टन मोडतोड हलविल्यावर गोदी पुन्हा चालू झाली. तरीही गोदीचा तळ पूर्णपणे स्वच्छ झाला नाही. पुढील कित्येक दशके गाळ काढताना सोन्याच्या विटा मिळत राहिल्या. अगदी २०११ सालीदेखील सोन्याबरोबर जिवंत दारूगोळा सापडल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. सोन्याच्या विटेची वार्ता लोकांना रंजक वाटते. परंतु जो गाळ सोने जपून ठेवतो, तोच तोफगोळाही जपून ठेवतो. ‘फोर्ट स्टिकीन’ फुटले, तेव्हा त्यातील सर्वच स्फोटके उडाली असे नव्हे. काही न फुटता विखुरली. अशा रीतीने स्फोट होऊन गेलेले जहाजही दारूगोळा बाळगणाऱ्या भग्न जहाजांच्या प्रश्नाबाहेर राहत नाही.

३. टेम्सच्या मुखाशी पडलेले जहाज

‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकेत १९४३ साली बांधलेले ‘लिबर्टी’ वर्गातील जहाज होय. ६,००० टनांहून अधिक दारूगोळा घेऊन ते फ्रान्समधील शेरबुर्ग बंदराकडे निघाले होते. वाटेत टेम्सच्या मुखाशी शीअरनेस गावाजवळ त्याने नांगर टाकला. नांगर ओढला जाऊन २० ऑगस्ट १९४४ रोजी जहाज वाळूच्या दांड्यावर चढले. ओहोटीत त्याच्या सांगाड्यावर ताण पडून पत्रे तडकले. २३ ऑगस्टपासून माल उतरविण्यास प्रारंभ झाला आणि मागील कोठारे रिकामी करण्यात यश आले. परंतु जहाज दुभंगून पुढील भागात पाणी भरल्यामुळे २५ सप्टेंबर रोजी काम सोडून देण्यात आले. पुढील कोठारांतील माल जेथल्या तेथे राहिला.

हे ठिकाण शीअरनेसच्या किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर असून लंडनकडे जाणाऱ्या जलमार्गास लागून आहे. जहाजाच्या डोलकाठ्या आजही पाण्यावर दिसतात. भग्न जहाजांच्या संरक्षणासाठी ब्रिटनने १९७३ साली केलेल्या कायद्याखाली त्याच्याभोवतीचे क्षेत्र निषिद्ध ठरविले आहे. तेथे रात्रंदिवस पहारा असतो आणि दरवर्षी ध्वनिलहरींच्या व इतर उपकरणांच्या साहाय्याने सांगाड्याची पाहणी होते. १९७० साली केलेल्या एका अंदाजानुसार सर्व स्फोटके एकदम उडाली, तर पाण्याचा व मोडतोडीचा स्तंभ सुमारे ३,००० मीटर उंच जाईल आणि सुमारे ५ मीटर उंचीची लाट उठेल. डोलकाठ्यांच्या वजनाने जीर्ण सांगाड्यावर ताण येतो, म्हणून त्या कापून काढण्याची योजना अलीकडे आखण्यात आली. परंतु ती वारंवार पुढे ढकलावी लागली आहे.

जहाजास हात न लावण्याच्या धोरणामागे एक प्रत्यक्ष अनुभव आहे. १९४६ साली इंग्लिश खाडीत बुडालेल्या ‘किएल्त्से’ ह्या पोलिश जहाजावरही दारूगोळा होता. त्यातील माल काढण्याचे काम चालू असताना २२ जुलै १९६७ रोजी त्याचा स्फोट झाला. समुद्रतळास सुमारे सहा मीटर खोल खड्डा पडला आणि किनाऱ्यावरील फोकस्टन गावी भूकंपासारखा धक्का जाणवला. सुदैवाने कोणी दगावले नाही. परंतु हात लावणेही धोक्याचे असू शकते, ही समजूत त्यानंतर दृढ झाली.

४. खाऱ्या पाण्यात स्फोटकांचे काय होते

पाण्यात पडलेली स्फोटके काही वर्षांनी आपोआप निकामी होतात, असा समज सर्वत्र आढळतो. तो अंशतःच खरा आहे. त्याचे परीक्षण करावयाचे तर मुख्य स्फोटक, ते पेटविणारी यंत्रणा व त्यांभोवतीचे धातूचे कवच ह्या तिन्हींचा पृथक् विचार करावयास हवा.

मुख्य स्फोटक म्हणून त्या काळी ट्रायनायट्रोटोल्यूइन म्हणजे टी. एन. टी. हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर वापरीत. ते पाण्यात अत्यल्प विरघळते. एका लिटर पाण्यात सुमारे एक दशांश ग्रॅम. थंड, स्थिर पाण्यात, गाळाखाली, ते दशकानुदशके आपली स्फोटशक्ती टिकवून धरते. टी. एन. टी. व अमोनियम नायट्रेट ह्यांच्या मिश्रणाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील नायट्रेट पाण्यात सहज विरघळत असल्याने कवच फुटल्यावर मिश्रण दुर्बळ होते. म्हणजे एकाच जहाजातील दोन बॉम्बांचे भवितव्य निरनिराळे असू शकते.

फ्यूजमधील प्रारंभक द्रव्याचा विचार अधिक नाजूक आहे. लेड अझाइड हे द्रव्य ओलाव्यात हळूहळू विघटित होऊन हायड्रॅझोइक आम्ल निर्माण करते. ह्या आम्लाचा पितळेतील तांब्याशी संयोग झाला, तर तांब्याची अझाइडे तयार होतात आणि ती मूळ द्रव्यापेक्षा किती तरी अधिक संवेदनशील असतात. फ्यूज पाण्याने पूर्णपणे भरून धुऊन निघाला, तर ही भीती बरीच कमी होते. थोडासाच ओलावा शिरला, तर ती वाढते. म्हणून बॉम्ब फ्यूजसह ठेवले होते की फ्यूजविना, हा प्रश्न टनांच्या आकड्याहून महत्त्वाचा ठरतो. ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’वरील बहुतेक मोठे बॉम्ब फ्यूजविना आहेत, लहान बॉम्बांच्या काही जुडग्यांना मात्र फ्यूज बसविलेले आहेत आणि तज्ज्ञांच्या चिंतेचा तोच विषय आहे.

राहिले धातूचे कवच व जहाजाचा सांगाडा. खाऱ्या पाण्यात पोलाद साधारणपणे वर्षाला एक दशांश मिलिमीटर ह्या प्रमाणात गंजते. गाळाने झाकलेल्या भागात हा वेग कमी असतो. दहा मिलिमीटरच्या पत्र्याला ह्या हिशेबाने एक शतक लागते. पण तो पूर्ण नाहीसा होण्याच्या बऱ्याच आधी त्याची भार सोसण्याची शक्ती संपते. १९४४ पासूनचा काळ लक्षात घेतला म्हणजे ही मर्यादा जवळ आली आहे, हे उघड होते. सांगाडा कोसळला तर वरचा माल खालच्या मालावर आदळेल आणि एका बॉम्बाच्या स्फोटाने शेजारचे बॉम्ब उडण्याची शक्यता निर्माण होईल.

कवच फुटल्यावर स्फोटाचा धोका कदाचित घटतो. पण त्याची जागा विषाचा धोका घेतो. टी. एन. टी. व त्यापासून होणारी द्रव्ये जलचरांस अपायकारक आहेत. बाल्टिक समुद्रातील कील उपसागरात टाकून दिलेल्या सुरुंगांजवळ ठेवलेल्या शिंपल्यांच्या शरीरात ही द्रव्ये साठलेली आढळली. सारांश, काळ धोका नाहीसा करीत नाही. तो धोक्याचे स्वरूप पालटतो.

५. उपाय व त्यांचे मोल

दारूगोळ्याने भरलेल्या भग्न जहाजाविषयी पाच मार्ग संभवतात.

पहिला मार्ग म्हणजे जहाज जसे आहे तसे राहू देऊन पहारा व पाहणी ठेवणे. ह्याचा तत्काळ खर्च सर्वांत कमी आणि तत्काळ धोकाही सर्वांत कमी. परंतु सांगाडा दरवर्षी दुर्बळ होत असल्याने पुढील प्रत्येक उपाय अधिक अवघड होत जातो.

दुसरा मार्ग माल बाहेर काढण्याचा आहे. पूर्वी हे काम पाणबुड्यांच्या हातांनीच करावे लागे. आता दूरवरून चालविता येणारी यंत्रे उपलब्ध झाल्याने माणसाचा जीव धोक्यात न घालता ते बऱ्याच अंशी करता येते. जर्मनीच्या हद्दीतील उत्तर व बाल्टिक समुद्रांत सुमारे १६ लाख टन दारूगोळा पडलेला आहे, असा अंदाज आहे. त्याच्या निर्मूलनासाठी त्या देशाने १० कोटी युरोंची प्राथमिक योजना हाती घेऊन २०२४ साली ल्यूबेक उपसागरात काम सुरू केले.

तिसरा मार्ग स्फोटके जागच्या जागीच उडवून देण्याचा. सुट्या सुरुंगांबाबत तो अनेकदा अवलंबिला जातो. २०१९ साली बाल्टिकमध्ये असे ४२ सुरुंग उडविण्यात आल्यावर स्फोटाघाताच्या खुणा असलेले पॉरपॉइस जातीचे सस्तन जलचर मृतावस्थेत आढळले. स्फोटाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा निर्माण केल्यास धक्का सौम्य होतो. परंतु हजारभर टनांच्या साठ्यास, तोही वस्तीजवळ, हा उपाय लागू पडत नाही.

चौथ्या मार्गात सांगाडा वाळूने अथवा दगडाने झाकून टाकतात. गंजण्याचा वेग त्यामुळे घटतो. पण पाहणी करणे अशक्य होते आणि झाकताना पडणारा भार हाच धोक्याचे कारण होऊ शकतो. पाचवा मार्ग म्हणजे जहाजाभोवती बांध घालून प्रवाहापासून ते वेगळे करणे व नंतर सावकाश माल काढणे. खर्चाच्या दृष्टीने हा सर्वांत जड आहे.

ह्यांपैकी कोणताही मार्ग सर्वत्र योग्य ठरणार नाही. स्फोटकांचा प्रकार, फ्यूजची स्थिती, सांगाड्याची शक्ती, गाळाची व प्रवाहाची चाल आणि वस्तीचे अंतर ह्या पाच गोष्टींवरून निवड करावी लागते. तथापि एक तत्त्व सर्वत्र लागू आहे. ‘सध्या काहीही न करणे’ हादेखील निर्णयच असून त्याचेही मोल द्यावे लागते. मुंबईत ते दोन तासांत चुकवावे लागले. टेम्सच्या मुखाशी त्याचे हप्ते आठ दशके चालू आहेत.

६. माहिती व गोपनीयता

निर्णय योग्य व्हावयाचा तर जहाजात काय आहे, हे प्रथम ठाऊक असले पाहिजे. युद्धकाळात नेमकी हीच गोष्ट लपविली जाते. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला, तेव्हा ‘जॉन हार्वी’ ह्या अमेरिकन जहाजावर मस्टर्ड नामक विषारी द्रव्याचे सुमारे २,००० बॉम्ब होते. हे गुपित ज्यांना ठाऊक होते, ते जहाजाबरोबरच नाहीसे झाले. रुग्णालयातील डॉक्टरांना रोगाचे कारण कळेना. विषारी तेलात भिजलेल्या खलाशांना त्याच कपड्यांत गुंडाळून ठेवण्यात आले. ह्या द्रव्याने बाधित झालेल्यांची संख्या ६००च्या वर गेली आणि त्यांपैकी ८०हून अधिक दगावले.

मुंबईतही लाल निशाण नव्हते आणि स्फोटानंतर वृत्तपत्रांना काही आठवडे बातमी सविस्तर छापता आली नाही. जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने मात्र ती दुसऱ्याच दिवशी जगास सांगितली. शत्रूला जे ठाऊक झाले, ते गोदीशेजारच्या रहिवाशांपासून लपविण्यात कोणते हित साधले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे.

कायद्याची स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. भग्न जहाजे हटविण्यासंबंधीचा नैरोबी आंतरराष्ट्रीय करार २००७ साली संमत होऊन १४ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला. भारतानेही तो स्वीकारला आहे. तारखेचा हा योगायोग असला, तरी करार ‘फोर्ट स्टिकीन’सारख्या जहाजांच्या फारसा उपयोगी नाही. युद्धनौका त्यातून वगळल्या आहेत आणि तो अमलात येण्यापूर्वीच्या दुर्घटनांना तो सामान्यतः लागू होत नाही. म्हणजे महायुद्धातील भग्न जहाजांची जबाबदारी ज्या त्या किनाऱ्यावरील राष्ट्राकडेच राहते.

७. पश्चिम किनारा व पुण्यातील विद्यासंस्था

भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने पहिले कार्य युद्धकालीन भग्न जहाजांची शास्त्रशुद्ध सूची करण्याचे होय. प्रत्येक जहाजाचे स्थान, बुडण्याचे कारण, भरणीचा मूळ कागद, कितपत माल काढला गेला आणि तळाची सद्यःस्थिती, इतक्या गोष्टी तीत असाव्यात. सर्वच भग्न जहाजे स्फोटक नसतात. तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात, मुरगाव बंदरात, ९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांच्या छाप्याच्या वेळी ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन जहाजे आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज बुडाले. त्या घटनेचे महत्त्व गुप्त संदेशयंत्रणेमुळे आहे, दारूगोळ्यामुळे नव्हे. कोणत्या जहाजाची भीती बाळगावयाची आणि कोणत्याची नाही, हे सांगणे हाच सूचीचा उपयोग होय.

कर्वेनगरच्या परिसरातील विद्यार्थ्यांस हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. समुद्र येथून दूर असला, तरी त्यास लागणारे ज्ञान जवळ आहे. बंदरांतील गाळ, भरती-ओहोटी व प्रवाह ह्यांच्या प्रतिकृतींवर संशोधन करणारे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यास आहे. स्फोटक द्रव्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा पाषाण परिसरात आहे. दारूगोळा निकामी करण्याच्या विद्येशी निकटचा संबंध असलेले लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीस आहे. आणि गोव्यातील दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. विषयाची अंगे निरनिराळ्या संस्थांत विभागलेली आहेत. त्यांना एकत्र आणणारा प्रश्न विद्यापीठीय विभाग उपस्थित करू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने भरणीचे कागद वाचावेत, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने फ्यूजचे विघटन तपासावे, भूगोलाच्या विद्यार्थ्याने गाळाचा नकाशा करावा आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्याने अंतिम हुकूम कोणाचा, हे शोधावे.

ह्या शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्यांचे जुने रूप आता उरलेले नाही. बंदरांचे कायदेही बदलले असून १९५८ च्या वाणिज्य नौवहन कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला. तथापि गाळ काढणाऱ्या यंत्राच्या दातांत एखादा जुना तोफगोळा आला असता काम कोणी थांबवावयाचे, परिसर कोणी रिकामा करावयाचा आणि वस्तीला कोणी कळवावयाचे, ह्यांची उत्तरे त्या यंत्रावरील कामगाराला तोंडपाठ असली पाहिजेत. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत शौर्याची उणीव नव्हती. अग्निशामक दलाचे जवान शेवटपर्यंत आपल्या जागी उभे होते. उणीव होती ती पुढे काय करावयाचे हे आधी ठरवून ठेवण्याची, आणि ती भरून काढणे हे शांततेच्या काळातील कर्तव्य होय.